त्रेचाळीस दोनशे

गाळ्याचं शटर अर्धं खाली आलं
तेव्हा पोरगी काट्यावर चढली.
जयसिंग तोलणारानं चष्मा कपाळावर सरकवला,
कांद्याच्या चिठ्ठीमागं लिहिलं:
त्रेचाळीस दोनशे.
म्हणाला, पन्नासची गोणी भरत नाही हो हिची,
शिवायची कशी?
सगळी टोळी हसली. तीही हसली.
मी नाही हसलो, कारण तिच्या सरांनी
हेच सांगितलं होतं, जरा बऱ्या भाषेत.

नेरूळला निवड आहे. अकरा आठवडे हातात.
पाय चांगले, नजर चांगली,
पण मोठ्या पोरींनी खांदा लावला
की बॉल एकीकडे आणि ऋतिका दुसरीकडे.
वजन वाढव, सर म्हणाले. ताकद वाढव.
आणि वेग? तोही वाढव.
हे काही मला कळेना.
सव्वीस वर्षं पाठीवर माल घेतोय,
वजन वाढलं की माणूस पळत सुटतो
असं अजून एकाही मुकादमाला वाटलेलं नाही.

मग कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत
रोज रात्री हरभरे भिजायला लागले.
अंडी, केळी, शेंगदाणे, गूळ.
डिंकाचे लाडू बघून शेजारीण विचारून गेली,
कोण बाळंत झालं?
पहाटे मी मार्केटला निघायचो
तेव्हा ही धारण तलावाच्या कडेनं
एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत
जीव खाऊन पळायची,
चालत परत यायची, पुन्हा पळायची.
चिखलात बगळे एका पायावर निवांत,
हिला दोन पायांवर धड उभं राहवत नसे.

संध्याकाळी दप्तरात बारा किलो रेशनचा तांदूळ
आणि बैठका.
उचलायचं, खाली ठेवायचं. तिथल्या तिथंच.
मी विचारलं, हा माल पोचवायचाय कुठं?
म्हणाली, कुठंच नाही.
मग मजुरी कोण देतं?
ती हसली आणि हसताना तिच्या मांड्या थरथरल्या.

तेव्हा मला राहवेना.
म्हटलं, कमरेत वाकतेयस. कंबर गेली की बाजार उठला.
टाचा रोव. श्वास पोटात धर.
उचलतात मांड्या, पाठ नुसती सोबत जाते.
करून दाखवायला खाली बसलो
तर उजवा गुडघा असा वाजला
की तिनं दप्तर टाकून दिलं.
म्हटलं, हे तेवढं नको शिकू.

अजून एक सांगितलं, जे मला
टोळीतल्या म्हाताऱ्या हिंदुरावानं
पहिल्या दिवशी, ट्रकच्या फाळक्याशी सांगितलं होतं.
अंगावर येणाऱ्या गोणीला ढकलायचं नसतं.
वीतभर तिच्याखाली जायचं.
मग ती तुझी.

निवडीच्या शनिवारी खाडा केला.
जाळीबाहेर उभा राहिलो, हातात तिची पाण्याची बाटली,
प्यायची आठवण कुणालाच नाही.
सीवूड्सची एक उंच पोरगी, साठ किलोची तरी असेल,
खांदा पुढं काढून आली.
ऋतिका खाली गेली. वीतभर.
ते वजन येताना मला माझ्या मानेवर लागलं,
मग घसरून पलीकडं गेलेलंही.
पुढं बॉलचं काय झालं ध्यानात नाही.
पोरं ओरडली, बहुतेक बाहेर गेला असावा.

यादी सोमवारी लागणार.
परतताना म्हणाली, काट्यावर जाऊ.
शेहेचाळीस नऊशे.
म्हटलं, जयसिंगराव, सत्तेचाळीस लिहा की,
सकाळपासून उपाशी आहे पोरगी.
तो म्हणाला, मी तोलणार आहे, हिचा मामा नाही.
शेहेचाळीस नऊशेच लिहिलं त्यानं,
चिठ्ठी दिली,
आणि स्वतःचा डबा उघडून भाकरी पुढं केली.
आधी ही खा, म्हणाला,
मग परत चढ.