चाळीस तास

शाळेने एक पिवळट कागद दिला.
चाळीस रकाने, एकेका रकान्यात एकेक तास.
एवढे तास फुकट राबल्याशिवाय
बारावीचा दाखला मिळत नाही आमच्याकडे.
मी हिशेबाची पक्की:
मंगळवारचे दोन, शनिवारचे तीन,
नाताळच्या आत विषय संपवायचा.

थंडर बेच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यावर वृद्धाश्रम.
माझ्या वाट्याला आले वेइक्को सारेला,
वय एक्क्याण्णव,
बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत उभा जन्म गेलेला,
छातीत अजून गव्हाची धूळ.
इंग्रजी एकेक शब्दाने गळून गेलेली,
उरलेलं फिनिश मला कळायचं नाही.
मी पेपर वाचायचे, ते खिडकीतून सरोवर बघायचे,
आणि घड्याळ आम्ही दोघंही.

शाळेत तेव्हा नाटक बसत होतं.
निवडीच्या दिवशी माझा आवाज
घशापर्यंत आला आणि तिथेच बसला.
पेल्टिये सरांनी मग हातात ब्रश दिला.
‘दारका, मागचा पडदा तुझा, खालची जमीन तुझी.
गोठलेलं सरोवर. महिना मार्च.’
आठ डबे पांढरा रंग ओतला मी.
सरोवर काही होईना.
दवाखान्यातली चादर दिसायची,
कुणी कधी न झोपलेली.

एका मंगळवारी पेपर लवकर संपला,
पंचवीस मिनिटं उरली,
म्हणून फोनवरचा फोटो दाखवला त्यांना, उगाच.
बघत राहिले. हसले. चांगलं नाही हसले.
माझी कॉफी ओढली, बोट बुडवलं,
कागदी रुमालावर फिरवलं,
आणि तळघरातून काढून आणावेत तसे
तीन शब्द टेबलावर ठेवले:
बर्फ. पांढरा. नसतो.

मग मी रंग नेऊ लागले.
राखाडीत निळा, निळ्यात थोडा गंज,
दूध करपलेल्या पातेल्याचा तळ.
ते मान हलवायचे. नाही. नाही.
एकदाच: हं.
त्या ‘हं’पायी माझ्या दोन बस चुकल्या.
नर्स म्हणाली, तुला ‘त्युत्तो’ म्हणतात ते, म्हणजे पोरगी.

फेब्रुवारीत जमिनीचं कापड गुंडाळून
बाबांच्या ट्रकमधून नेलं,
जेवणाच्या खोलीत पसरलं,
चाकांची खुर्ची अगदी काठावर आणली.
त्यांनी ब्रश मुठीत धरला, फावडं धरावं तसा.
हात कापत होता. मी आधार द्यायला गेले
तर मनगटावर फटका बसला.
कापरेपण तसंच उतरलं कापडावर,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
वाकडं, काळं.
‘राइलो,’ ते म्हणाले.
अर्थ शोधायची गरज पडली नाही.

प्रयोगाला दीडशे माणसं.
टाळ्या नटांना. बरोबरच आहे.
मी विंगेत दोरी धरून उभी.
तिसऱ्या अंकात ओस्टॅप धावत येतो बर्फावरून,
तो आला,
आणि त्या रेघेपाशी पाय उचलून पलीकडे गेला.
कुणी सांगितलं नव्हतं.
नुसता रंग होता, त्यालाही माहीत होतं.
माझ्या हातातली दोरी मात्र
केवढी घट्ट झाली होती.

एप्रिलमध्ये समुपदेशक बाईंनी कागद मागितला.
एकतीसच्या पुढे रकाने कोरे.
‘मग एकूण किती झाले?’
माहीत नाही.
‘अंदाजे?’
मी, हिशेबाची पक्की, गप्प.
सही तरी आणते म्हटलं.
सारेलांनी केली: नऊही कोऱ्या रकान्यांवरून
एकच लांब, थरथरती रेघ.
शाळेला ती चालली नाही.

मग मे महिन्यात सार्वजनिक वाचनालयात
पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवले.
नऊ तास, मिनिटासकट मोजून.
मंगळवारीही जात होतेच मी.
ते कुठे लिहिले नाहीत.