पाच ओळींत ओलीना

नोव्हेंबर संपतोय. वार्ड्योत सूर्य रजेवर गेलाय,
भर दुपारी बाराला वर्गात दिवे.
नऊ मुलं, नऊ पेन्सिली, एक पातळ चरित्र:
ओलीना, बेटांवरची सुईण.

"घडलं त्याखाली रेघ मारा," मी म्हणते,
"लेखकाला वाटलं ते सोडा."
इसेलिन नेमकी 'शूर' या शब्दाखाली रेघ ओढते.
शूर कशावरून गं?
ती पान उलटते, मागे येते, बोट ठेवते:
फेब्रुवारी, रात्र, वल्ही, तीन तास.
मग 'शूर' खालची रेघ
स्वतःच खोडून टाकते.

थुरमोद विचारतो,
१९११ ते १९१४ ही होती कुठे?
पुस्तकात नाही.
आम्ही सगळे खिडकीकडे बघतो,
जसा काही समुद्र सांगणार आहे.
"लिही, माहीत नाही."
"हेपण लिहायचं?"
"हेपण."

आता सारांश. पाच ओळी, बस्स.
कुणी चारशे बाळंतपणं गाळतं, कुणी नवऱ्याचं नाव.
एकीनं कुत्र्यालाच दोन ओळी दिल्यात
आणि माझ्यानं त्या कापवत नाहीत.

आस्लाक, वाचताना अडखळणारा,
ज्याच्या बापाची बोट मार्चपासून परतलेली नाही,
एकच ओळ आणून देतो:
"तिला वल्हवता यायचं, पोहता यायचं नाही."

मी पडताळते.
पान अठरा. पान एकतीस.
दोन्ही खरं.
उरलेल्या चार ओळी त्यानं
पट्टीनं नीट आखून
कोऱ्या ठेवल्यात.