प्रश्न क्रमांक सात

दोनशे बारा फॉर्म.
वसतिगृहाच्या खाटेवर पसरून मोजतोय,
पंखा बंद ठेवून,
नाहीतर मतं उडून जातात.

प्रश्न क्रमांक सात :
लग्नाआधी कुठली रक्ततपासणी करावी?
एकशे चाळीस जणांनी लिहिलंय, 'रक्तगट'.
कुणी 'एकनाड नसावी', कुणी 'शुगर',
एकाने नुसतंच 'मुलीची',
आणि खाली दोन रेघा.

एका फॉर्मवर सातच्या पुढची जागा कोरी.
समासात मात्र बारीक अक्षर :
'माझा भाऊ थंडीत गुडघे धरून रडायचा.
आई म्हणायची, वारं लागलं.
बाबा म्हणायचे, शाळा चुकवतो.
त्याच्या रक्तात दोघांचं थोडं थोडं होतं,
हे आम्हाला उशिरा कळलं.'

'ळ'ला अशी लांब शेपूट
वर्गात एकच मुलगी काढते.
जयवंता भोये, सुरगाण्याची.
हे फॉर्म आम्ही दोघांनीच वाटले.

सीबीएसवर शेवटच्या एसटीची वाट बघताना
पासच्या पाकिटातून तिने पिवळं कार्ड काढलं,
दाखवलं, पास दाखवावा तसं.
'वाहक,' ती म्हणाली, 'म्हणजे कंडक्टरच की मी.
मला काही होत नाही.
पण एका गाडीत दोन वाहक बसले
की तिकीट लेकराला फाटू शकतं.'
मी हसलो.
'तुझं काय?' तिने विचारलं.
'करायचीय,' म्हणालो.
तेवढ्यात एसटी आली. बरं झालं.

प्रश्न क्रमांक नऊ :
तुम्ही तपासणी कराल का?
'हो' : एकशे शहाण्णव.
गुरुवारी सिव्हिलचे लोक आले,
ग्रंथालयाशेजारी टेबल मांडून बसले.
दुपारपर्यंत नऊ जण.
कुणाचं प्रॅक्टिकल, कुणाचा उपास,
कुणी म्हणे, बाहेर कळलं तर स्थळं येणार नाहीत.

तिच्यासाठी नाही, असं स्वतःला बजावत
दहावा मी उभा राहिलो.
(खोटं. थोडं तिच्यासाठीच.)

बाईंनी बोट धरलं. 'नाव?'
दोनशे बारा जणांना मी सांगितलं होतं,
नाव लिहायची गरज नाही.
लिहिलं. पूर्ण. बापाच्या नावासकट.

निकाल आठवड्याने.
तोवर टक्के काढायचेत, रंगीत वर्तुळ करायचंय.
जयवंता विचारते, कोऱ्या जागा कशात धरायच्या?
'माहीत नाही'त?

नको, म्हणतो.
तक्त्याखाली मी रेघ मारलेली नाही.
दोन बोटं जागा सोडलीय,
समासाएवढी.