आवृत्ती दुसरी

नखाएवढी वस्तू. लॅमिंग्टन रोडवरची.
साडेतीनशेची तीनशेवीसला, पावती मागायची नाही या बोलीवर.
सीपीयूच्या पाठीत खोचली की
हिरवा डोळा दोनदा मिचकावते
आणि तिसऱ्यांदा मिचकावायच्या आत
पडदा निळा.
आडवं पडलेलं रडवं तोंड,
खाली इंग्रजीत दिलगिरी.

माझी अकरा पानं गेली.
ठाणे खाडीच्या मिठागरांवरचं पुस्तक, तिसरं प्रूफ.
खिळे जुळवणाऱ्याच्या नातवानं
प्रत्येक 'मिठागरा'चं 'मिठाघर' केलेलं,
मी एकेक घर पाडून आगर करत आणलेलं,
आणि सगळं पुन्हा घरच.

दामोदर म्हणाले, फॉल्ट आहे म्हणजे कुठेतरी पाणी शिरलंय.
एकतीस वर्षं टेलिफोनची केबल जोडली त्यांनी,
एलबीएस रोडच्या खड्ड्यांत मांडी घालून,
बाराशे जोड्या, कागदात गुंडाळलेलं तांबं,
कोणती कोणाची हे बोटांना ठाऊक.
बिनवायरीच्या वस्तूला
ते चिमट्यात धरल्यासारखे बघतात.

पहिल्या दिवशी भोक बदललं.
मग पुढचं भोक. मग दादरहून आणलेली लांब वायर,
तिच्या टोकाला हिला टांगली खिडकीत, वाळत घातल्यासारखी.
मग रॅम उपसून तिचे दात
माझ्या खोडरबरानं घासले. (माझ्या. विचारलं नाही.)
मग फ्रिज बंद ठेवला चार तास,
मोटर लाइन बिघडवते म्हणून.
दूध नासलं. पडदा निळाच.

वरच्या मजल्यावरचा आल्रॉय आला,
म्हणाला, काकी, ड्रायव्हर परत टाकू.
सीडी घातली, नेक्स्ट नेक्स्ट केलं,
त्याच्यासमोरही तस्संच कोसळलं,
मग त्याला क्लास आठवला.

दामोदर वहीत टिपणं ठेवतात, जुन्या डॉकेटसारखी:
सव्वादहा, पडला. दहा सत्तावीस, पडला.
दहा चाळीस, न लावता ठेवला, पडला नाही.
शेरा: दोष ग्राहकाच्या टोकाला.
ग्राहक म्हणजे मी.

रात्री एकला झोप येईना.
मोबाइलवर काढलेला त्या निळ्या पडद्याचा फोटो
मोठा करून पट्टी लावली, ओळीखाली,
जसं गॅलीला लावते.
अर्थ कळत नव्हता, ते बरंच.
अर्थ कळला की डोळा चूक गिळतो.
दामोदरना उठवलं.
म्हटलं, मी वाचते, तुम्ही ताडून बघा.
तीस वर्षांत त्यांना पहिल्यांदा माझ्या धंद्याला बसवलं.

त्यांनी ती वस्तू उलटी करून भिंगाखाली धरली.
मी सीडीवरचं नाव वाचलं, सुटं सुटं:
एन. आहे. डब्ल्यू. आहे.
तीन. आहे. शून्य. शून्य की ओ? शून्य. आहे.
व्ही. आहे.
एक.

ते गप्प.
भिंग जवळ. लांब. परत जवळ.
"इथे दोन आहे गं."

तिळाएवढा दोन,
काळ्यावर करडा, छापताना शाई संपत आल्यासारखा.
दुसऱ्या आवृत्तीच्या पोटात
पहिल्या आवृत्तीचं शुद्धिपत्र घालत होतो आम्ही आठवडाभर.

मग सेफ मोड.
काळा पडदा, चारी कोपऱ्यांत पाटी,
सामान हलवलेल्या खोलीसारखं सगळं मोठं मोठं.
जुनं उपटलं. नवं फोनच्या वायरीतून ओढलं.
"शेवटी वायरच लागली," असं दामोदर
मला नाही, भिंतीला म्हणाले.

हिरवा डोळा मिचकावला.
दोनदा.
तीनदा.

ते तोवर स्वयंपाकघरात गेलेले, चहाला.
तिथून ओरडले, खड्ड्यातून वरच्याला ओरडावं तसं:
"आलं का?"
"आलं."
"बोलून बघ!"

कोणाशी बोलणार रात्री पावणेतीनला?
मी प्रूफ उघडलं. पान एक.
पहिलं घर पाडलं, सेव्ह केलं.
दुसरं पाडलं, सेव्ह केलं.
ते दोन कप घेऊन आले
आणि वहीत वेळ लिहायला पेन शोधू लागले.