पहिल्या हजारांसाठी

ईरी, पेनसिल्व्हेनिया. शनिवार, सकाळचे सात.
गराजचं शटर अर्धंच वर, आणि मी वाकून
आत शिरतो. देवळात शिरावं तसा नव्हे,
रद्दीवाल्याकडे शिरावं तसा:
नजर आधी खाली,
खोक्यांच्या बुडाशी.

काय काय मिळालंय असं आजवर!
बेकरीचं नाव छापलेली फूटपट्टी,
जिला इंच फक्त नऊ, इनिंग नऊ म्हणून.
डेअरीचा थर्मास, बिनझाकणाचा.
मफलरच्या दुकानाचं बॅटसारखं पेन
(मफलर गाडीचा. गळ्यातला समजून
मी एकदा त्या दुकानात गेलो होतो.)
मान डोलवणारा पिचर, ज्याची मान
आता कशालाच होकार देत नाही.
आणि बचत बँकेने वाटलेला पत्र्याचा गल्ला,
हलवला की कुणाचा तरी एक पेनी वाजतो.
बँक बुडाली. गल्ला शाबूत आहे.

बायको म्हणते, जगाने फुकट घेतलेलं
तू पैसे मोजून घेतोस.
खरंय तिचं. फुकट ते पौष्टिक,
हे आमच्या आळीत मुंजीआधीच शिकवायचे.
मीच तेवढा त्या दिवशी गैरहजर असणार.

खरं कारण मी तिलाही सांगितलेलं नाही.

त्र्याऐंशी साल, जून.
ब्रेकच्या कारखान्यात, लॅबमध्ये,
नोकरीला लागून अकरा दिवस.
संध्याकाळी खोलीवर करायचं काय, म्हणून
उजेड दिसला त्या दिशेने चालत गेलो.
मैदानाच्या फाटकावर एका पोऱ्याने
हातात ठेवली निळी बैठक,
रेक्झिनची, आत फोम,
वर पिवळ्या अक्षरांत फर्निचरवाल्याचं नाव.
पहिल्या हजारांसाठी, तो म्हणाला.
मला समजलं ते इतकंच: बसायला दिलीय.

बसलो. खेळातलं ओ की ठो कळेना.
सातव्या इनिंगमध्ये सगळे उठून गाऊ लागले,
मला वाटलं, संपलं.
मीही उठलो. बैठक रुमालाने पुसली,
कडेची शेंगदाण्याची टरफलं झटकली,
आणि फाटकावर नेऊन
परत केली.

पोऱ्या बघतच राहिला.
शेजारी गणवेशातला म्हातारा होता,
छातीवरच्या बिल्ल्यावर नाव: क्लेम.
त्याने ती दोन्ही हातांनी घेतली,
थँक यू, सर, म्हणाला,
आणि हसला नाही.
तीन आठवड्यांनी कॅन्टीनमध्ये
माझ्या टेबलावरचे बाकी सगळे हसले.

तेव्हापासून हे सुरू आहे. फूटपट्ट्या, पेनं, गल्ले.
हे सगळं तिच्या शेजारपाजारचं.
तीच तेवढी कुठे नव्हती.

आज आहे.
गवत कापायच्या यंत्रामागे, भिंतीला टेकून,
निळा रंग विटून राखाडी, शिवण एका बाजूला उसवलेली,
फर्निचरवाल्याची शेवटची दोन अक्षरं उडालेली.
पाठीवर जाड मार्करने: डोरीन.
म्हणजे माझी नव्हे. उघडच आहे.
पण त्या पोऱ्याला बहीण नव्हती
असं कुणी छातीठोक सांगावं?
अंगठ्याने दाबली. आतला फोम
सावकाश, कुरकुरत, वर आला.

केवढ्याला, मी विचारलं.
खुर्चीवरच्या बाईने चष्म्यावरून पाहिलं.
ती होय? न्या की तशीच.

खिशात चार डॉलर मुठीत धरलेले.
चाळीस वर्षांची सवय: आधी पैसे काढायचे,
मग घासाघीस, मग कागदात गुंडाळून घ्यायचं.
हात बाहेर काढला तो रिकामाच.
बैठक काखेत मारली,
थँक यू, मॅम, म्हणालो,
आणि गाडीपर्यंत झपाझप चालत गेलो,
मागे न बघता,
कुणी परत मागेल म्हणून.