ते पेज, ती पेज

उचा जानेवारीत पोलंडला गेला, ट्रक चालवायला.
जाताना सगळ्यांना मिठी मारली,
स्वयंपाकघराच्या तिन्ही किल्ल्या
नाझिब्रोलाच्या हातात मोजून दिल्या,
आणि पासवर्ड घेऊन गेला, चुकून,
जसं कुणी उसनं पेन खिशाला लावून जातं.

तिसऱ्या दिवशी पेजनं आम्हालाच विचारलं, तुम्ही कोण?
कोड पाठवलाय म्हणालं, तुमच्या फोनवर.
तुमचा फोन म्हणजे उचाचा,
उचाचा म्हणजे त्याचं जुनं सिमकार्ड,
आणि ते कुठल्याशा पेट्रोलपंपावरच्या कचऱ्यात.
अकरा हजार माणसं आमच्या मागं,
आणि आम्ही आमच्याच दाराबाहेर.

ग्वांत्सानं भिंतीवर तक्ता लावलेला:
सोमवारी पातेल्याचा फोटो,
बुधवारी एका आजीची गोष्ट,
शुक्रवारी आभार, देणगीदाराच्या नावासकट.
चोवीस तासांत प्रत्येकाला उत्तर.
फोटोत चेहरा हवाच, ती म्हणायची,
पातेल्याला कोण पैसे देतं?

चेहऱ्यावरूनच झुझुनाशी वाजलं होतं.
झुझुना. चौथा मजला, लिफ्ट नाही,
दात नाहीत, ऐट शाबूत.
डबा घेतला, आणि समोर फोन उचललेला दिसताच
परत दिला. गरम होता अजून.
"या कारखान्यात माझा नवरा फोरमन होता, पोरी.
इथले बूट घालून तुझा बाप शाळेत गेला.
पोट दाखवीन तुला. तोंड नाही."
तेव्हापासून तिचा डबा मी नेते.
मी खजिनदार, माझ्या फोनला कॅमेराच नाही.

एकोणीस दिवस ते पेज बंद राहिलं.
ती पेज चालू होती,
जवाची, वर सुक्या पुदिन्याची चिमूट,
बुटांच्या कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये
पहाटे पाचला चढायची, रिओनीवर धुकं असताना.
खोटं कशाला बोलू, पातळ झाली.
सातव्या दिवशी देणग्या निम्म्या,
तेराव्या दिवशी दोन लारी.
नाझिब्रोला पळी उभी धरून बघायची, पडते का.
पडायची.

ओळखपत्राची प्रत, संस्थेचा शिक्का,
तोच अर्ज सहा वेळा. उत्तर यंत्राचं,
"आपल्या संयमाबद्दल आभार."
मी सदतीस वर्षं गणित शिकवलं.
मी पावतीबुकं काढली.
कार्बनखालची निळी नावं, पुसट आकडे,
आणि एकेकाला फोन लावत गेले.
चौसष्ट फोन. एकवीस उचलले.
चार जणांना वाटलं, काहीतरी विकते आहे.

बाविसावी थेस्सालोनिकीहून बोलली, हळू आवाजात,
कुणाच्यातरी म्हाताऱ्या आईला भरवता भरवता.
"बंद पडलात असं वाटलं. मी दर बुधवारी बघते.
महिन्याला वीस युरो पाठवते ना,
आणि बघते, आई दिसते का.
दोन वर्षं झाली. कधीच दिसली नाही.
जेवते ना ती? चौथ्या मजल्यावर?"

मी वहीवर नुसती रेघ मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी ग्वांत्साचा फोन मागून घेतला.
जिना चढले, दोनदा बसले.
फोन उंबऱ्याबाहेर ठेवला, चपलांशेजारी,
आणि डबा देऊन सगळं सांगितलं.
झुझुना आधी जेवली. सावकाश. पूर्ण.
मग म्हणाली, कपाट उघड,
हिरवा रुमाल आहे, खाली, नाही, तो नाही.
खिडकीजवळ बसली.
"डबा दिसता कामा नये."

पेज विसाव्या दिवशी उघडलं.
पासवर्ड आता बंद पाकिटात,
पावतीबुकांच्या पत्र्याच्या पेटीत,
दोन सह्यांशिवाय निघत नाही.
ग्वांत्सा महिन्याचा अहवाल भरत होती,
किती पोस्ट, किती लोकांपर्यंत पोच.
तिच्या फोनमधल्या एका फोटोवर बोट थांबलं.
हा कधी टाकलास?

टाकला नाही, म्हटलं. पाठवला.
पोच आली. एक.