विरळ हवेचा हिशोब

शंभर किलोमीटरला सत्तावीस लिटर.
प्रिमितिव्होने सन-व्हायझरवर पेनने लिहून ठेवलं होतं,
खाली दोन रेघा,
दुसरी रेक्झिन फाटेपर्यंत.

उयुनीच्या बाजाराने त्याला सगळं विकून झालं होतं :
पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक,
टाकीत टाकायच्या निळ्या गोळ्या,
आणि कुणी शपथेवर सांगितलं म्हणून कापलेला सायलेन्सर,
ज्याने फक्त आवाज वाढला.
चढ आला की जीप तशीच,
काळा धूर ओकत, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत.

एउलोखियाने बॉनेट उघडलंच नाही आधी.
बोट जिभेला लावलं, मागच्या डाव्या चाकाला टेकवलं.
चर्र झालं.
"ब्रेक दाबून गाडी हाकतोयस
आणि म्हणतोस, इंजिनात दम नाही."

मग टपावरचा कॅरिअर. लोखंडी, रिकामा,
नाकापेक्षा मोती जड.
"वारा अडकतो यात, ऐकू येत नाही?"
येतं, तो म्हणाला. मला वाटायचं
मीच शीळ घालतोय.

प्लग काढला तर चुलीच्या आढ्यासारखा काळा.
ती तो उन्हात धरून बोलत राहिली, प्लगशीच :
"ही गाडी बनवली समुद्राकाठच्या माणसांनी.
त्यांच्याकडे हवा पोटभर.
इथे, एवढ्या उंचीवर, हवा अर्धपोटी,
आणि ही बया पेट्रोल मात्र तिकडच्याच मापाने ढोसते.
पचतं तेवढं पचतं, उरलेलं धूर.
कमी पाज. जास्त चढेल."

कार्ब्युरेटरमधून जेट काढलं, पितळेचं, हरभऱ्याएवढं.
गिटारची सगळ्यात बारीक तार त्यातून ओवली,
भोवती कथिल ओतलं,
निवल्यावर तार ओढून घेतली.
उरलं ते भोक
तिने डोळ्याला लावलं,
आणि त्यातून त्याच्याकडे पाहत विचारलं,
"मागे काय भरलंयस?"

किनवा मोजायच्या काट्यावर एकेक चढलं :
दोन जादा चाकं, पहार, साखळी, तीन कॅन,
आणि एक गिअरबॉक्स. अख्खा.

त्याने सांगितलं नाही.
पण गावाला माहीत होतं :
जूनमधली ती रात्र, लाल तळ्याच्या अलीकडे,
गिअरचे दात पडले,
चार परदेशी आणि तो, एकोणीस तास,
थंडीने आतून गोठलेल्या काचा.
तेव्हापासून तो गिअरबॉक्स त्याच्याबरोबर हिंडत होता,
घट्ट बांधलेला, एकदाही न वापरलेला.

"वर्षभरात यातलं काय लागलं?"
दोरी, तो म्हणाला. आणि एकदा एक चाक.
"मग दोरी ने. आणि एक चाक."
जरा थांबून,
"आणि चांगला रेडिओ घे. त्याचं वजन होत नाही."

टायमिंग दोन अंश पुढे. टायरांत हवा, खडी सुरू होईपर्यंत भरपूर.
पैसे तिने नेहमीचेच घेतले, एक बोलिव्हियानो कमी नाही.

मिठाच्या पांढऱ्यावरून तो निघाला.
कोल्चाजवळ नेहमी कॅन ओतायला उतरायचा,
पाय सवयीने ब्रेककडे गेला,
काट्याकडे पाहिलं, परत आला.
घाटात जीप तिसऱ्यात चढली.
त्याचा विश्वास बसेना म्हणून त्याने उगाच दुसरा टाकला,
ती फुरफुरली,
त्याने ओशाळून परत तिसरा टाकला.
माथ्यावर इंजिन बंद केलं.
तापलेलं लोखंड टिकटिकत होतं.
शीळ कुठेच नव्हती.

व्हायझरवर आता एकोणीस आहे.
रेघ नाही मारली.

नवव्या दिवशी तो गिअरबॉक्स न्यायला गेला.
म्हणजे, न्यायचा असं ठरवून गेला.
तो गॅरेजच्या दाराला टेकवून ठेवला होता,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून,
वर एक तांबडी कोंबडी, अंडी उबवत बसलेली.
एउलोखिया गाडीखाली होती, फक्त बूट दिसत होते.

"नेतोयस?" बुटांनी विचारलं.

कोंबडीने त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं.
तो म्हणाला,
पिल्लं होऊ देत.